उंबऱ्यावर पाच सेकंद

प्रिन्सेस स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
कफ सिरपचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास.
धर्मेनभाई म्हणाले, बघा बेन,
दोन लाख चाळीस हजारांचं मशीन,
आणि बिल निघेपर्यंत
पेशंट आपोआप बरा होईल.

मागच्या रविवारी मीच आणलं होतं सगळं
जुन्या सर्व्हरवरून नव्यावर:
अकरा वर्षांची बिलं, बॅच नंबर, एक्स्पायरीच्या तारखा,
उधारी, बुडीत उधारी,
कधीच शटर पाडून गेलेल्या केमिस्टांची नावंसुद्धा.
एक ओळ सांडली नाही. मोजून घेतलं होतं.
सोमवार ठीक. मंगळवार ठीक.
बुधवारी दुपारपासून हे.

नफिसा बटण दाबते
आणि हनुवटीखाली हात घेते.
मालाडचा कोणी फोनवर ताटकळलाय,
खाली हातगाडीवर इन्सुलिनचा खोका,
त्याच्या बर्फाचं पाणी
निघालंय गटाराकडे.

मी बसले. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?
आधी मेमरी वाढवली, कारण ती सगळेच वाढवतात.
मग इंडेक्स पाहिले, एकेक, बोट ठेवून.
जागच्या जागी.
आकडेवारी ताजी केली, डिस्क तपासली,
केबल काढून, फुंकर मारून, पुन्हा लावली
(फुंकरीचा उपयोग नसतो, मला माहीत आहे).
शेवटी संथ प्रश्नांची नोंदवही उघडली
तर कोरी.
प्रत्येक प्रश्नाला उत्तर तीन मिलिसेकंदांत.
म्हणजे यंत्र धावत होतं
आणि माणसं खोळंबली होती
आणि दोन्ही खरं होतं.

साडेनऊ. गल्लीत शटरं ओढल्याचे आवाज.
मोरजकर स्टुलावर.
मार्चमध्ये रिटायर झाले, तरी संध्याकाळी येतात,
कुठलं औषध कुठल्या फळीवर ते अजून त्यांनाच विचारतात पोरं.
म्हणाले, आत वेळ लागत नाही ना?
मग दारात लागत असेल.
आमच्या सोसायटीत नवा वॉचमन आलाय.
मला माझ्याच घरी जाताना अडवतो,
वर इंटरकॉम लावतो.
वर कोणी नसतं.
वाजू देतो. थांबतो. मग म्हणतो, जा.

मी स्क्रीनकडे वळले.

नवा सर्व्हर येणाऱ्या प्रत्येकाला
नाव विचारत होता.
आकडा दिसतोय तुझा, पण नाव काय?
आणि ते नाव पडताळायला हाक मारत होता
जुन्या सर्व्हरला,
ज्याला बुधवारी दुपारी
कुर्ल्याचा भंगारवाला किलोवर घेऊन गेला.
हाक मारायचा. थांबायचा.
पाच सेकंद, मोजून पाच,
मग काहीच न ऐकता दार उघडायचा.
एका बिलाला आठ वेळा दार ठोठवावं लागतं.
आठ पंचे चाळीस.

एक ओळ लिहिली: नाव विचारू नकोस.
बंद केला, चालू केला.
नफिसाने बटण दाबलं,
तिचा हात हनुवटीपर्यंत पोचायच्या आत
प्रिंटर खरखरला.
ती दचकली, मग हसली,
मग उगाचच आणखी एक बिल काढलं
आणि रद्द केलं.

धर्मेनभाईंनी विचारलं, एका ओळीचे किती?
मी आकडा सांगितला.
त्यांनी चहा मागवला.

जिना उतरताना दिवा नव्हता.
मोरजकर पुढे, कठड्याला धरून,
मी मोबाईलचा उजेड त्यांच्या पायांशी धरलेला.
म्हणाले, ती ओळ आमच्या वॉचमनलाही घालून देता येईल?
दोन पायऱ्या उतरले.
थांबले.
नाही, राहू दे.
दिवसातून तेवढाच वाजतो घरात.