वायपरची दोरी

वायपर कालच मेला, चोंचीच्या चढावर.
बाल्दोमेरोने त्याला मासेमारीची दोरी बांधली,
एक टोक त्याच्या खिडकीतून आत, दुसरं माझ्या.
तो ओढतो, मी ओढते,
मधल्या मध्ये काच पुसली जाते
आणि दिसेल तेवढाच रस्ता.

चिलोए बेटावर पावसाला पाऊस म्हणत नाहीत.
"आज उघडीप नाही," एवढंच म्हणतात
आणि सरपण आत घेतात.

सकाळपासून एकशे चाळीस फोटो.
शंभरांत नुसते थेंब.
एकात कालवफोड्याची लाल चोच, बाकीचा पक्षी
चौकटीबाहेर निघून गेलेला.

मग खाडीच्या तोंडाशी, खडकावर, कारांका.
पांढराशुभ्र नर,
कुणी वाळत घालून विसरलेल्या चादरीसारखा.
मी पालथी पडले, कोपरांखाली
समुद्रशेवाळाचे बुळबुळीत पट्टे.
दोन तास. तो हलला नाही, मीही नाही.
गाडीत बाल्दोमेरो घोरत होता
आणि झोपेतही दोरी ओढत होता.

भिंगात वाफ धरली तेव्हा
दोन्या एदुविहेसचं दार ठोठावलं.
तिने कॅमेरा भिजल्या पोरासारखा काढून घेतला,
शेगडीपासून वीतभर लांब
मोज्यांच्या रांगेत ठेवला.
जांभळ्या सालीचे बटाटे सोलत होती.
हात पुसले, चष्मा पुसला, पडद्यात डोकावली.

"आणि ही?"
"कोण ही?"
"ही काय. बसलीय ना बाई."

मातीने भरलेलं नख खडकावर टेकलं
आणि खडकाला गुलाबी चोच फुटली.
मग डोळ्याभोवतीची कडी.
मग छातीवरच्या बारीक पांढऱ्या रेघा,
मी ज्यांना ओल समजले होते.
नरापासून चार पावलांवर.
पोटाखाली अंडी असतील. नसतीलही.

"तो उभा राहतो ते तुझ्यासारख्यांसाठीच,"
दोन्या म्हणाली, पुन्हा बटाटा उचलत.
"सगळे त्याच्याकडे बघतात,
तोवर तिचं बसणं निभतं."
कॅमेरा वाळवायचे पैसे घेतले नाहीत,
दोन किलो बटाटे मात्र गळ्यात मारले.

फोटो अजून कुणाला दाखवला नाही.
दाखवला तर बोट ठेवावं लागेल.

दक्षिणेकडे निघालोय. अंधारतंय.
कडेचा खडक न् खडक मी
संशयाने न्याहाळतेय,
आणि समोरची काच केव्हाची
पाण्याने भरून आलीय.
"दोरी," बाल्दोमेरो ओरडतो,
"अगं इस्मेनिया, दोरी!"