चुन्यातला मका

भाल्या परत आला नाही. त्याची बायको आली.
वेराक्रूझहून. तीन विमानं, एक एसटी,
आणि निवतीचा उतार शेवटी पायी.
इनेदिना तिचं नाव. आयेने पहिल्याच दिवशी
त्याची इंदू केली. "ह्या बरा. तोंडात मावता."

मराठी तिला भाल्याने जहाजावरून फोनवर शिकवलेली,
म्हणजे अर्ध्या शिव्या, अर्धी माशांची नावं.
परसातलं झाड दाखवून मी म्हटलं, पेरू.
"पेरू? तो तर खाली, दुसरा देश!"
आणि अशी हसली की पोपट उडाले.
चिकू मात्र तिने नावासकट ओळखला,
एका बाकावरच्या मैत्रिणीला ओळखावं तसा.

दिवाळी सरली. तोरणातले झेंडू सुकायच्या आत
तिने मागून घेतले. म्हणाली, उद्या तो येणार.
आये म्हणाली, "म्हाळ झालो त्याचो. कावळो शिवलो.
आता परत कित्याक?"
इंदू शब्द शोधत राहिली. मग म्हणाली,
"कावळा तुमचा. माझ्याकडे तो फुलाच्या वासावर येतो."

संध्याकाळी तिने मका चुलीवर चढवला
आणि चुना मागितला.
"पानाक लावतत तो चुनो? मक्याक?
खावचा आसा काय भिंत रंगवची?"
पण पानाचा डबा आयेनेच सरकवला,
शिंपल्यांचा चुना, बोटभर, मग आणखी बोटभर.
सकाळी मक्याची सालं पाण्यावर तरंगत होती
आणि घरभर एक वास,
पावसाने भिजलेल्या भिंतीचा, आणि पोटात भूक उठवणारा.

मासळीच्या तीन पेट्या, एकावर एक, वर माझं धुतलेलं लुगडं.
फोटो. मीठ. तांब्याभर पाणी. बिडीचं बंडल.
लवंगी मिरच्या ठेवताना ती सहज बोलून गेली,
"ही आमच्याकडची. झेंडूपण."
"खयची तुमची? माज्या आजयेच्या आजयेन लायलेली!"
दोघींपैकी कुणीच मागे हटलं नाही.
मिरच्या तिथेच राहिल्या.

जेटीपासून उंबऱ्यापर्यंत पाकळ्यांची वाट.
पहाटे टोपल्या घेऊन बायका निघाल्या,
पुढे नर्मदा पराडकरीण, जी फौजदारालाही वाट देत नाही.
ती थांबली. वाटेकडे बघितलं.
पदर सावरून वाळूतून वळसा घालून गेली,
मागून सगळ्या तशाच.

मी पडवीत जाळं विणत बसलेले.
आतून थापल्याचा आवाज येऊ लागला,
थप थप, तळव्यावर तळवा,
जसा लहानपणापासून ऐकत आले तसाच.
मग लक्षात आलं, हात दोन नाहीत, चार आहेत,
आणि कुठले कुणाचे, मला सांगता येईना.

तो आला का, कुणी विचारलं नाही.
आये तेवढी म्हणाली,
"परत गो ती, इंदू. करापता."