बाकी साडेतीनशे

टिमकीतल्या माझ्या दुकानाच्या भिंतीवर, शटरला लागून,
खडूच्या रेघा आहेत अजून.
एकशे सहासष्ट. एकशे सदुसष्ट.
मग कितीतरी महिने नुसतं सदुसष्टच,
एकावर एक गिरवलेलं.
प्रज्योत हेडाऊ रोज शटरच्या अँगलला लोंबकळायचा
आणि विचारायचा, "पाहा ना काका, वाढलो काय?"
मी म्हणायचो, "अँगल वाकला. तू नाही वाढला."

होळी झाली की तो माझ्याकडे कूलरच्या ताट्या भरायचा.
पहाटे कस्तुरचंद पार्कात सोळाशे मीटर,
नऊला दुकानात,
दंडावर गवताचे लाल ओरखडे,
दुपारी पंचेचाळीस डिग्रीत
कुणाच्या तरी तिसऱ्या माळ्यावर
खांद्यावर कूलर घेऊन.
त्याला उन्हाचं काही वाटायचं नाही.
चुकीचं बोललो. एकदा मानेवाड्यात
जिन्यातच बसून रडला होता.
पण ते उन्हामुळे नव्हतं,
आदल्या दिवशी भरतीत
छाती दीड सेंटीमीटर कमी भरली होती.
मी उसाचा रस पाजला. दुसरं काय करणार.

पुढच्या खेपेला झाला भरती.
निघायच्या दिवशी हिशोब केला, साडेतीनशे निघाले.
गल्ल्यात सुटे नव्हते.
"राहू द्या काका, सुट्टीत आलो का घेतो."
वहीत लिहिलं: प्र. हे., बाकी ३५०.

फोन यायचा. कुठून, ते सांगायचा नाही.
इकडे नवतपा, बनियन पाठीला चिकटलेलं,
आणि तिकडून हा हसतो,
"काका, इथं कूलर रात्रंदिवस चालूच हाय.
बंद कराले बटनच नाही."

सुट्टीत एकदाच आला, जानेवारीत.
मी मुलीकडे भंडाऱ्याला.
बंद शटरवर बाहेरून खडूनं लिहून गेला,
"येऊन गेलो. १७१."
खोटं असणार. टाचा उचलल्या असणार.
ते पावसात पुसलं गेलं. मी फोटोही काढला नव्हता.

बर्फ घसरला म्हणे.
गोळी नाही, कोणी समोर नाही,
डोंगराच्या खांद्यावरून बर्फ सरकला, बस्.
तेवीस वर्षं.
गोळीबार चौकात माणूस मावत नव्हता.
मी डीपीच्या मागे उभा होतो.
माइकवरून सगळे म्हणत होते, शूर.
होताच.
पण पंपाचा करंट लागू नये म्हणून
तो गिऱ्हाइकाची रबरी चप्पल मागून घालायचा
आणि परत देताना नळाखाली धुऊन द्यायचा,
हे कोणी बोललं नाही.
मीही नाही. मला कुणी माइक दिला नसता.

मग मार्च आला.
लकडगंजहून एक कूलर आला दुरुस्तीला,
वर्षभर फ्लेक्सात बांधून ठेवलेला.
दोरी सोडली तर प्रज्योत,
डोकं खाली,
टोपीवर कबुतराची घाण.
"मजबूत निघालं," गिऱ्हाईक म्हणाला. त्याचा दोष नव्हता,
खरंच मजबूत होतं.
मी त्याला नवी ताडपत्री दिली, पैसे घेतले नाहीत,
त्याला वाटलं म्हातारा चळला.
फ्लेक्स धुतला, गुंडाळला.
टाकवत नाही, लाववत नाही.
माळ्यावर आहे, जुन्या मोटारींच्या मागे.

त्याच आठवड्यात पाकीट घेऊन त्याच्या घरी गेलो.
आई कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होती.
साडेतीनशे, म्हटलं, त्याचे राहिले होते.
तिनं हात पुसला नाही, पाकीटही घेतलं नाही.
"राहू द्या ना भाऊ, तो आला का..."
आणि मग दुसरी बादली भरायला गेली.
बराच वेळ नळ चालू होता.

यंदाची वही नवी आहे. पहिल्या पानावर पहिली ओळ
मागच्या वहीतून उतरवून घेतली.
नव्या पोट्ट्यानं वाकून वाचली,
"हे प्र. हे. कोण जी?"

मी म्हटलं, गवत भिजव.