सॅम्पल फ्लॅट, भायली

फोटोग्राफर नऊला येणार.
सातव्या मजल्यावरच्या या घरात
अजून कुणीच राहत नाही
आणि मला दाखवायचंय, की राहतात.

टेम्पोतून माझा संसार उतरतो:
शुक्रवारी बाजारातला पितळी तराजू, एकाच पारड्याचा,
मंगळबाजारच्या कापडाच्या दोन उश्या,
अमीनबेननी उसना दिलेला गालिचा
(डाग पडला तर नवा घ्यायचा, या बोलीवर),
आणि सगळ्यांत शेवटी, चादरीत गुंडाळलेली
संखेड्याची खुर्ची.

खुर्ची मी विकत नाही. नुसती सोबत नेते.
भीखुभाई खराद्यांच्या ओट्यावर
तीन दिवस बसले होते तिच्यासाठी.
फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकली
की रंग वितळून आपला आपण धावत सुटायचा.
मग केवड्याचं पान फिरायचं, मग अकीकाचा खडा.
मी घड्याळ बघितलं तसे म्हणाले,
"बेन, रंग तो बेसे त्यारे बेसे."
तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी तारीख देते
आणि मनात ती मोडून ठेवते.

लोक विचारतात, कुठं शिकलात हे?
मी कॉलेजचं नाव सांगते.
खरं तर शिकले कमाटीबागेत,
म्युझियममध्ये, बाबांची ड्यूटी संपायची वाट बघत.
बाबा देवमाशाच्या सांगाड्याखालची फरशी पुसायचे,
कपाटांच्या काचा पुसायचे.
एकदा साहेबांनी एका कपाटात
अकरा मूर्ती मांडल्या, खांद्याला खांदा लावून,
बँकेच्या रांगेसारख्या.
बाबा फडकं पिळत म्हणाले,
"साहेब, आठ आत ठेवल्या तर?"
साहेब हसले. पण आठ आत गेल्या.
उरलेल्या तिघी त्या संध्याकाळी
पहिल्यांदाच कुणाकडे तरी बघत होत्या.

घरी आम्ही पाच जण, दांडिया बाजारात, एका खोलीत.
मोकळी जागा ही बाबांसाठी नोकरीसारखीच होती,
बाहेर जाऊन करायची.

तर आता इथं:
पुस्तक पालथं, चष्मा उघडा,
चादरीची एक कड मुद्दाम ओढलेली,
जणू कुणी आत्ताच उठून दार उघडायला गेलंय.
खोटंच सगळं. पण खोट्यालासुद्धा
बसायला जागा लागते.
तराजूच्या पारड्यात सात चिकू.
नेहमी विषम आकडा. सम मांडलं की दुकान वाटतं.

फारोख कॅमेरा लावून डोळा मिटतो, उघडतो.
"काहीतरी मेलेलं आहे यात," म्हणतो.
मी उशी हलवते. पडदा हलवते. चष्मा काढते, परत ठेवते.
बघते तर चिकू सहा.

बाल्कनीत पुट्टीवाल्यांचा रमसू,
दाहोदकडचा, असेल चौदाचा,
भुवयांपर्यंत पांढरा,
तोंड हलायचं थांबवून माझ्याकडे बघतोय.
हातावर साल, आणि एक बी,
काळी, लांबट, ओली,
खराद्यानं आत्ताच अकीक फिरवून
ठेवली असावी अशी.

ओरडायला उघडलेलं तोंड
मी तसंच मिटलं.
"दे इकडे," म्हटलं.
बशीच्या कडेला ठेवली. जरा डावीकडे. सालही.
फारोख म्हणाला, "हां."
आणि नंतर बराच वेळ काहीच बोलला नाही.

बिल्डरचा माणूस म्हणाला, उष्टं दिसतंय मॅडम.
मी म्हटलं, दिसू दे.
रमसूला दुसरा चिकू दिला.
त्यानं तो खिशात टाकला,
माझ्यासमोर खाईना.

संध्याकाळी टेम्पोत सगळं परत चढलं.
भिंतीला उशीची सावलीही उरली नाही.

पुस्तिका छापून आली तशी बाबांना दाखवली.
पान चार. त्यांनी चष्मा पुसला,
पान खिडकीकडे तिरपं धरलं,
अंगठ्यानं आधी पडदा झाकला, मग गालिचा.
"दोन वस्तू अजून काढता आल्या असत्या," म्हणाले.
अंगठा बशीपाशी आला, थांबला.
"ही राहू दे."