झाकण बसलं नाही

असुन्सिओनमध्ये दुपारी एक्केचाळीस अंश.
ब्लासिदाबाईंच्या शिवणखोलीत
मी कंपनीचा पंखा उतरवला.
प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुना झालेली,
त्यांनीच दिलेल्या चिंध्यांनी पुसली, स्पिरिट लावून.

नवी पेस्ट, मक्याच्या अर्ध्या दाण्याएवढी.
"एवढीशीच?" म्हणत त्यांनी
बर्फाळ तेरेरेचा पेला पुढे केला.

चार स्क्रू. एकाला दोन पीळ,
मग त्याच्या तिरक्या समोरच्याला,
पुन्हा पहिला. घाई केली की एक कोपरा रुसतो.
चौथा आवळला आणि आठवलं:
तळाची प्लास्टिकची फिल्म!
सगळं परत उलटं.
"उसवायची मला सवय आहे, देर्लिस,"
त्या मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या.

कूलर बोटभर उंच निघाला.
डब्याचं झाकण बसेना.
राहू दे उघडं.

संध्याकाळी ब्वेनोस आइरेसला कॉल लावला.
एरवी मुलाशी त्या ओरडून बोलत,
पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून.
आज इतकं शांत
की त्याच्या खोलीतला गळका नळ ऐकू आला,
आणि तोंड फिरवून दाबलेला
खोकला.

"कधीपासून?"
हळूच विचारलं त्यांनी.

मी उरलेले स्क्रू मोजले.
पुन्हा मोजले.