दोनची तार तीनला

वार्दो बंदर. भरती-ओहोटी मोजायची खोली.
सूर्य उगवला नाही त्याला आज एकतिसावा दिवस,
युनिक्सच्या मशीनचा पडदा गेला त्याला तिसरा.
पंखा फिरतोय, डिस्क कुरकुरतेय.
बंद दाराआड कुणी वावरावं
तसं आत कुणीतरी जागं आहे,
एवढंच कळतं.

"तळघरात माझं टर्मिनल असेल," आइलिफ फोनवर म्हणाला.
"कुंडीखाली."
खरंच कुंडीखाली होतं.
जेरेनियम कधीच वाळलेलं, कपाळावर मातीचा गोल डाग,
आणि कुशीला चिकटवलेली, पिवळी पडलेली चिठ्ठी,
त्याच्याच अक्षरात: बंद करू नये.
झोपलेलं मूल उचलावं तसं छातीशी धरून
जिना चढले. चौदा किलोचं मूल.

केबल नव्हती. केली.
दोनची तार तीनला, तीनची दोनला:
याचं तोंड त्याच्या कानाशी.
सरळ जोडली तर दोघंही एकाच तारेवर बोलत सुटतात
आणि ऐकायला कुणी उरत नाही.
हे त्यानंच शिकवलेलं, मी एकोणीस वर्षांची असताना,
डाखणीचा धूर डोळ्यांत जात असताना,
ज्या वर्षी तो आणि बोर्गहिल्ड
एकमेकांशी अख्खा हिवाळा बोलले नव्हते.

मशीन बंद केलं. कीबोर्ड उपटला,
म्हणजे जागं होताना ते आपणहून या तारेकडे वळेल.
चार मिनिटांचा समुद्र नोंदीतून गेला.
मग तापल्या धुळीचा वास,
काचेच्या पोटात पिवळसर केशरी उजेड,
आणि अक्षरं:
कंस, टिंबं, चौकोन, अर्धवट प्रश्नचिन्हं,
तापात कुणी बरळावं तशी.
मशीन बिघडलं नव्हतं.
ते नऊ हजार सहाशेच्या वेगानं सांगत होतं,
मी बाराशेच्या वेगानं ऐकत होते.
वेग बदलला.
पुढच्या ओळी स्वच्छ आल्या, एकेक, न घाईत:
एवढी मेमरी. ही डिस्क. तपासली. ठीक.
चोविसावी ओळ आली की पहिली वर सरकून जाते,
परत बोलावता येत नाही.
शेवटी लॉगिन, विसर्गाची दोन टिंबं,
आणि उघडझाप करणारा एक ठोकळा.

शुक्रवारी आइलिफ पाहायला आला,
बुटांना खिळे, हातात काठी, मिशांवर बर्फ.
खुर्ची ओढून बसला. कळा दाबल्या.
"अजून वाजतात," म्हणाला.
मी मासळीच्या गोदामात फोनवर होते,
तो कधी गेला कळलं नाही.

सकाळी काच काळी.
निघताना दिवा मालवावा तसं त्यानं टर्मिनल मालवलं होतं.
तार अचानक निपचित पडली
की पलीकडचं मशीन ते 'थांब' असं वाचतं.
थांबलं होतं. रात्रीपासून
समुद्र चढला, उतरला, कुणी लिहिलं नाही.
हेही त्यानंच शिकवलेलं.
चिठ्ठीसुद्धा त्याचीच.

टर्मिनल चालू केलं. एन्टर दाबलं.
ओके, एवढंच आलं, छोट्या अक्षरांत, रुसवा नाही, विचारपूस नाही.
मी टाइप केलं: गो.
आणि मशीन निघालं, जिथं वाक्य तुटलं तिथूनच,
जणू मध्ये काही झालंच नाही.
फक्त घड्याळ अकरा तास मागे.
ते मी हातानं लावलं.
स्विचवर चिकटपट्टी मारली, दोन पदर.

मग त्याला फोन केला.
"काल किती वाजता घरी पोचलात?"
पलीकडे काही नाही.
वाऱ्याचा आवाज, किंवा किटलीचा.
"आइलिफ?"
मी वेग कमी केला. शब्द सुटे करून पुन्हा विचारलं.
पलीकडे काही नाही.
ती शांतता मी 'थांब' अशी वाचली नाही.
रिसीव्हर कानाशी धरून
उभी राहिले.