खोली

टाँटनला समुद्र नाही.
टोन नावाची नदी आहे, बदकांपुरती,
सफरचंदांच्या बागा आहेत,
आणि एक सरकारी इमारत,
जिच्या दुसऱ्या मजल्यावर सव्वीस वर्षं
मी जगाचे समुद्र दुरुस्त करते आहे.

कुठे दिवा विझला, कुठे बुडालेलं जहाज सापडलं,
कुठे वाळू दीड मीटर वर आली.
जांभळी खूण, तारीख, आद्याक्षरं: वै. तां.
आडनाव तांडेल; होडी मात्र कधी वल्हवली नाही.

डेरेक हॅलेटने मला शिकवलं.
म्हणाला, देश काठावर असतात. पाण्यात फक्त आकडे.
मी म्हटलं, आमच्या भाषेत पाण्याची ती खोली,
आणि आपण बसलोय, चार भिंतींची, तीही खोलीच.
तो बराच वेळ हसला,
मग उठून खिडकी लावून घेतली.

एक सामुद्रधुनी आहे. नाव नको.
मी लागले तेव्हा तिचा पूर्व काठ आमचा होता.
त्यांचे अधिकारी यायचे, खजुराचे डबे आणायचे,
आकडे द्यायचे, कॉफीला नावं ठेवायचे.
मग एका मार्चमध्ये आकडे थांबले.
जिन्यातला त्यांच्यासोबतचा फोटो
कुणी उतरवला कळलं नाही.
भिंतीवर फिकट चौकोन राहिला.
आठ वर्षांनी पश्चिम काठ बिनसला
आणि तोच फोटो, त्याच खिळ्यावर.
खिळा काही कुणी काढला नव्हता.

सोयरिकी मोडल्या, जमल्या.
धुनी तेवढीच अरुंद,
मधे खोल पाण्याची एकच वाट.
कितीही ताठ फेट्याचा जावई
बुटक्या दारात वाकतोच,
तशी वाकत जातात तिथून
तेलाची जहाजं, आणि त्यांच्यामागे
आमच्या मंत्र्यांची भाषणं.

या सोमवारी पूर्व काठाने कळवलं:
वाळू ओतून नवं बेट केलंय.
पश्चिमेने कळवलं: असं बेटच नाही.
फ्रेया पेंगेली, नवी मुलगी, विचारते,
कुणाचं म्हणून लिहू?
आधी त्याच्याभोवती पाणी किती ते लिही, म्हटलं.
पेन्सिलने.

जेवणाच्या सुट्टीत कधी मी
वेंगुर्ल्याचा नकाशा उघडते.
आमचे आजोबा खडक शिव्यांनी ओळखायचे,
दर खडकाला एक, ज्याने जशी होडी फोडली तशी.
खूप पूर्वी कुणा गोऱ्या लेफ्टनंटने
वही उघडून विचारलं असणार, याचं नाव काय?
आणि कुणी तांडेलाने, मान न वळवता,
खरं तेच सांगितलं.

ती शिवी अजून आहे तिथे,
सुबक, तिरक्या अक्षरांत, साम्राज्याच्या खर्चाने छापलेली.
वरचे झेंडे बदलले. खडक आहे तिथेच आहे.
सव्वीस वर्षांत
तेवढी एक दुरुस्ती मी सुचवलेली नाही.